एकशे तीस, पंच्याऐंशी

सुनंदा शेट्ये गेली ही बातमी मला मोबाईलवर कळली. कोरगावच्या घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, त्या मी पायानं पसरत होतो, आणि खिशातला फोन सारखा टुणटुणत होता. निवृत्त कर्मचाऱ्यांचा आमचा एक गट आहे, त्यावर एरवी सकाळच्या फुलांशिवाय काही येत नाही. त्या दिवशी विद्यापीठाचा शोकसंदेश आला होता. ‘कर्मचाऱ्यांचा रक्तदाब नियमित तपासणाऱ्या आपल्या माजी आरोग्यसेविका श्रीमती सुनंदा शेट्ये यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. आरोग्यसेविका! दुःख व्हायच्या आधी माझं डोकंच फिरलं. मानसशास्त्रात एम. ए. केलेली, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई, जिनं अर्ध्या विद्यापीठाला उभं धरलं, तिला तुम्ही हाताला पट्टा गुंडाळणारी करून टाकलीत? मी फोन भिरकावणारच होतो. बायको दारातून म्हणाली, फोन फोडून ती परत येणार आहे का? मग मी खळ्यातच बसलो, बियांमध्ये.

आता महिना उलटून गेलाय, पण राग काही उतरलेला नाही. ना विद्यापीठावरचा, ना सुनंदावरचा. कारण त्या शोकसंदेशातली चूक तिनंच करून ठेवलेली होती, जाणूनबुजून, आणि वर्षानुवर्षं राबून. ती कशी, हे सांगायला मी बसलोय.

आमचं विद्यापीठ खाजगी. डिचोलीच्या वरच्या पठारावर उभं राहिलेलं. मी आस्थापना विभागात अधीक्षक होतो. सुनंदा आणि मी एकाच महिन्यात रुजू झालो, म्हणून पहिल्यापासून अरेतुरे. तिची जागा अगदी नवीन होती : ‘कर्मचारी साहाय्य कक्ष’. प्राध्यापकापासून माळ्यापर्यंत कुणालाही घरचं, मनाचं, कामाच्या जागचं काही ओझं असेल तर त्यानं तिथं जाऊन बोलावं, तिनं ऐकावं आणि जमेल तिथं वाट काढून द्यावी, अशी कल्पना. कल्पना ज्या कुलगुरूंची होती ते भले गृहस्थ होते. तळमजल्यावर मधोमध खोली दिली, दारावर मोठ्ठा फलक लावला, नारळ फोडला. आणि मग त्या खोलीत कुणी फिरकेना. बाई आपली रोज सकाळी येऊन बसायची आणि संध्याकाळी उठून जायची.

लोकांना त्रास नव्हता असं नाही. अडचण वेगळीच होती, आणि ती बाहेरच्या माणसाला दहा वेळा सांगूनही पटणार नाही. आमच्याकडे माणूस माणसाला दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘खंय चल्लो?’ कुठं निघालास. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, ते नुसतं रामराम म्हणण्यासारखं आहे. पण उत्तर द्यावं तर लागतं. त्या लांबलचक ओट्यावरून तिच्या दारापर्यंत जाताना निदान पाचजण हा प्रश्न विचारणार. आता सांगा, काय म्हणायचं? रडायला चल्लां? घरात जीव रमत नाही, ते सांगायला चल्लां? सुनंदाला हे तिच्या पुस्तकांतून कळलं नसतं. ती डिचोलीच्या बाजारपेठेतली, शेट्यांची मुलगी. तिच्या लक्षात आलं की या लोकांना समुपदेशक नंतर लागेल, आधी ‘खंय चल्लो’चं उत्तर लागेल.

खाणी बंद झाल्या तेव्हा एका खाणीच्या दवाखान्यातलं सामान विकायला काढलं होतं. तिथून ती रक्तदाब मापायचं जुनं मशीन घेऊन आली. काट्याचं. हाताला गुंडाळायचा राखाडी पट्टा, रबराचा फुगा, कानाला लावायची नळी. टेबलावर दारातून दिसेल असं मांडून ठेवलं. आणि आठवड्याभरात ओट्यावर नवीन उत्तर ऐकू यायला लागलं, ‘प्रेशर मापूक चल्लां.’ बस्स. पुढचा प्रश्न नाही. गोव्यात चाळिशीपुढच्या कुणाला प्रेशर नाही? फलकावरचं नाव सगळे विसरले, ती खोली प्रेशरची खोली झाली आणि सुनंदा प्रेशरबाई. मी तिला म्हटलं, अगो, एवढं शिकलीस ते हे करायला? ती हसायची. पट्टा बांधल्यावर पाच मिनटं गप्प बसावं लागतं म्हणे, नाहीतर आकडा चुकतो. त्या पाच मिनटांत माणूस आपसूक बोलायला लागतो, हे तिचं म्हणणं.

मी स्वतः गेलो तो तिनं ओढून नेलं म्हणून. बायकोचे उपचार चालले होते, कुठला आजार हे मी कार्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत होतो. खेकसणं माझं नेहमीचंच, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही. तिला कळला. दारात येऊन म्हणाली, परब, तुझं प्रेशर बघूया. पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला लागली. मी पाहतोय, काटा जागचा हलत नाही! रबर कुठंतरी फाटलेलं, हवा फुसफुस बाहेर. मी म्हणणार होतो की तुझं मशीन मोडलंय, आणि माझ्या तोंडून निघालं भलतंच. अर्धा तास बोलत होतो. शेवटी तिनं नळी कानातून काढली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, एकशे तीस, पंच्याऐंशी. पुढच्या आठवड्यापासून आमची गुरुवारची बैठक शुक्रवारी गेली. कारण काय, तर सभागृह रिकामं नाही. गुरुवार हा बायकोला इस्पितळात न्यायचा वार होता, हे सभागृहाला कुठून कळलं ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

एकदा कँटीनमध्ये आम्ही भाजी-पाव खात बसलो होतो. लेखा विभागातला एकजण सहज म्हणाला, आपलं प्रेशर काल एकशे तीस, पंच्याऐंशी आलं. ग्रंथालयातल्या बाईंचा घास हातातच राहिला. त्यांचंही तेवढंच होतं. प्रयोगशाळेतला म्हणाला, म्हजेंय, म्हणजे माझंही. मग प्रत्येकाला दुसऱ्याचं कळलं आणि आपलं दुसऱ्याला कळलं हेही कळलं. कुणीतरी मिरचीची भजी मागवली, विषय बदलला, आणि त्यानंतर त्या आकड्याबद्दल विद्यापीठात कधीही कुणी चकार शब्द काढला नाही. खरंच कुणाचा चेहरा उतरलेला, पाय सुजलेले दिसले तर ती दटावून खऱ्या डॉक्टरकडे पाठवायची, हेही सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे डॉक्टर मला पत्रं लिहितील.

पण तिचं खरं काम खोलीत बसून होत नव्हतं, ती आमच्यातच वावरायची म्हणून होत होतं. बाबलोचं उदाहरण सांगतो. बाबलो हे त्याचं खरं नाव नव्हे, पण त्याला विचारून लिहितोय. तो पाळी गावचा. खाणी चालू असताना त्याचा स्वतःचा ट्रक होता, खनिजाच्या खेपा मारायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक गावाबाहेरच्या एका यार्डात वर्षानुवर्षं उभा राहून गंजला, शेवटी भंगारात गेला, आणि बाबलो आमच्याकडे बसचा ड्रायव्हर म्हणून लागला. त्याला दिली पाळीचीच फेरी, गावचाच माणूस म्हणून. त्याची बस रोज उशिरा पोचायची. तक्रारी झाल्या, मेमो निघाला. मी स्वतः तो मेमो टाईप करून घेतला होता. सुनंदा एक दिवस त्या बसमध्ये जाऊन बसली, पाळीच्या देवळात जायचंय म्हणून. तिनं पाहिलं की सरळ रस्ता सोडून हा गडी भलत्याच वाटेनं लांबून जातो. का, तर सरळ रस्त्यावर ते यार्ड लागतं. दुसऱ्या दिवशी ती वाहतूक विभागात गेली, तिथल्या प्रमुखाशी काय बोलली देव जाणे, आणि बाबलोला पेडण्याची फेरी मिळाली. बस वेळेवर यायला लागली. मेमो माझ्या कपाटात तसाच राहिला.

मग नवे कुलसचिव आले. बाहेरून आलेले, हुशार, भरभर बोलणारे. त्यांनी ठरवलं की असले कक्ष आतमध्ये ठेवायचे दिवस गेले. एका मोठ्या शहरातली कंपनी ही सेवा फोनवर देते, चोवीस तास, सगळ्या भाषांत, शिवाय ॲपवर. बैठक बोलावली. आम्ही विभागांचे आठ-दहाजण होतो, त्यातले निम्मे तरी एकशे तीस, पंच्याऐंशीवाले. कुलसचिवांनी सुनंदाला विचारलं, तुमच्याकडे किती प्रकरणं येतात? नोंदी कुठं आहेत? ती म्हणाली, नोंदी नाहीत, माझ्याकडे लोक प्रेशर मापायला येतात. ते म्हणाले, त्यासाठी आपला दवाखाना आहेच की. ती म्हणाली, आहे. आणि गप्प!

माझा तिळपापड झाला. अगो, सांग ना काय करतेस ते! तिच्या समोर खोली जात होती, आणि बाई खाली बघून बसली होती. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या पाण्याच्या ग्लासांचा अभ्यास करत होते. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, आम्ही तिथं प्रेशर मापायला जात नाही, आम्ही तिथं रडायला जातो. ते मशीन मोडकं आहे. खोली गेली तर उद्या आम्ही कुठं जायचं ते सांगा. कुलसचिवांनी मान डोलावली, माझ्या भावनांचा आदर आहे म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. खोली गेलीच.

बाहेर आल्यावर सुनंदा माझ्यावर अशी भडकली की आयुष्यात मी तिला तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं आभार मानेल. ती म्हणाली, “तुझं दुःख तू कुठंही मांड, परब. पण तू ‘आम्ही’ म्हणालास. ‘आम्ही’ म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?”

मी म्हटलं, अगो, सगळ्यांना सगळं माहीत आहे, तो आकडासुद्धा. ती म्हणाली, माहीत असणं वेगळं आणि बैठकीत बोललं जाणं वेगळं. उद्यापासून त्या दाराशी दिसलेला प्रत्येक माणूस रडायला आलेला माणूस झाला. मग खोली राहिली काय आणि गेली काय! त्यानंतर दोन-तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मला तेव्हा वाटत होतं, आणि आजही वाटतं, की एवढा हट्ट बरा नव्हे. तोंड उघडलं असतं तर कदाचित खोली वाचली असती. पण तिच्यापुढे हे म्हणायची सोय नव्हती.

तिला परीक्षा विभागात बसवलं, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत. मशीन तिचं स्वतःचं होतं, ते ती घरी घेऊन गेली. आम्हा सगळ्यांना त्या फोन नंबरची चकचकीत कार्डं मिळाली. तेवढ्यात वाहतूक विभागाचा प्रमुखही बदलला. नव्या प्रमुखानं कागद पाहिले, पाळीचा माणूस पेडण्याला कशाला म्हणाला, आणि बाबलोला परत पाळीच्या फेरीवर घातला. आधी फेरी का बदलली होती हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. बाबलोनं चार-पाच दिवस काढले. मग एका दुपारी, रिकाम्या बसमध्ये बसून, त्यानं कार्डावरचा नंबर लावला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन करत करत मराठी आली. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी, कुठल्या शहरातली कोण जाणे. ओळखपत्राचा क्रमांक विचारला, मग म्हणाली, सर, मनमोकळं बोला. बाबलोला मुळात बोलायची सवय नाही. तरी धीर करून म्हणाला, माझा सगळा त्रास पाळीचा. मुलगी थबकली. म्हणाली, सर, हे आपल्या पत्नींबद्दल आहे का? हा म्हणाला, नाही, माझाच. पेडण्याला होतो तोवर बरा होतो, आता परत पाळी आली, रोज त्रास होतो. त्यावर ती अतिशय अदबीनं म्हणाली, काही हरकत नाही सर, लाजू नका, मी आपल्याला आमच्या स्त्री-आरोग्य सल्लागारांशी जोडून देते. आणि संगीत वाजायला लागलं.

हसा. मीही हसलो होतो, बाबलो सांगतानाही हसला. पण त्या दुपारी तो हसला नव्हता. त्यानं फोन बंद केला, बस तिथंच सोडून चालत निघाला आणि दोन दिवस कामावर आला नाही. घरीही धड थांबत नव्हता. नव्या प्रमुखानं निलंबनाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर पाठवला. मला काही सुचेना, म्हणून मी अबोला बाजूला ठेवून परीक्षा विभागात गेलो आणि सुनंदाला सांगितलं. तिनं हातातला गठ्ठा खाली ठेवला, पर्स उचलली. म्हणाली, यार्डात असेल. तिथंच होता. ट्रक जिथं उभा असायचा तिथल्या तेलकट जमिनीवर बसलेला. मी गाडीतच थांबलो. ती त्याच्या शेजारी जाऊन खाली बसली, त्या लाल धुळीत, परीटघडीच्या साडीत. काय बोलले मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं की प्रस्तावाचं काय करायचं ते तू बघ, ओरडणं तुला चांगलं जमतं. मग मी बघितलं. त्या दिवशी वाहतूक विभागात मी जो आवाज लावला तो म्हणे कँटीनपर्यंत ऐकू गेला. बाबलो पेडण्याच्या फेरीवर परत आला तो आजतागायत तिथंच आहे.

मला सांगा, त्या कंपनीतल्या मुलीचा काय दोष? तिनं पाळी गाव ऐकलेला नाही, यार्ड पाहिलेलं नाही, बाबलोची वाकडी वाट तिला दिसणार कशी? माणसाला मदत करायला तो रोज कुठून कुठं जातो हे ठाऊक असावं लागतं. त्यासाठी त्याच बसनं जावं लागतं, त्याच कँटीनचं पातळ चहापाणी प्यावं लागतं, कुठल्या विभागाचा प्रमुख कशानं वितळतो हे माहीत असावं लागतं. हे ॲपवर कसं येणार? पण हे पटवायचं कुणाला? चोवीस तास, सगळ्या भाषांत म्हणे. आमची एक भाषा तरी धड यायला हवी होती.

सुनंदा निवृत्त झाली, पाठोपाठ मीही. डिचोलीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही नवराबायको कोरगावला आलो. ती डिचोलीतच होती, भाचीबरोबर. तिच्या घरच्या बाल्कांवांवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरच्या बाकावर, लोक यायचे म्हणे. शेजारी विचारायचे, खंय चल्लो, आणि उत्तर तेच. मी शेवटचा गेलो तेव्हा ती फार वाळली होती. विचारलं तर म्हणे, वय झालं रे. मी चिडून म्हणालो, सगळ्यांचं मापत बसलीस, तुझं प्रेशर किती आहे? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, “एकशे तीस, पंच्याऐंशी.” ...मला जे कळायचं ते कळलं. आजार किती पुढं गेला होता ते तिनं भाचीलाही उशिराच सांगितलं. मी तिथं बसून राहिलो, ती बाजारातल्या मासळीच्या भावाबद्दल बोलत राहिली. निघताना मी तिला रागानं म्हटलंही, की दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या बाईनं असं करू नये. ती म्हणाली, सांगितलं ना तुला.

गेल्या रविवारी बाबलो कोरगावला आला. भाचीनं ते मशीन त्याला दिलं होतं, नाहीतर तेही भंगारात जायचं. पिशवीतून काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं. मी त्या शोकसंदेशावर पुन्हा एकदा तोंडसुख घेतलं, आरोग्यसेविका म्हणतात मेले, काय अक्कल, वगैरे. बाबलो ऐकून घेत होता. मग म्हणाला, भाई, बाय असती तर खूश झाली असती. कुणाला कळलं नाही म्हणजे तिनं कुणाचं सांगितलं नाही. आणि त्यानं माझा हात ओढला, पट्टा गुंडाळला, नळी कानाला लावली आणि म्हणाला, “पाच मिनटां वगी रावात, भाई.” मी गप्प बसलो. फुगा फुसफुसत होता, काटा जागचा हलत नव्हता. महिनाभर मी नुसता चिडलो होतो, रडलो नव्हतो. ते त्या खळ्यात, काजूच्या बियांसमोर झालं.

आतून बायकोनं विचारलं, किती आलं? बाबलोनं सांगितलं, एकशे तीस, पंच्याऐंशी.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “म्हजेंय सदां तितलेंच येतालें.”

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो, पट्टा हाताला तसाच लोंबत होता. तुझं? तुझं कधी मापलं तिनं? बायको चहा गाळत होती. म्हणाली, डिचोलीत होतो तेव्हा. तुझी गुरुवारची बैठक शुक्रवारी ने, हे तिला कुणी सांगितलं असं वाटलं तुला? तू घरी येऊन भिंतींवर ओरडायचास, मी बाजारात जाते म्हणून सांगून निघायचे. आणि एवढी वर्षं ती सुनंदा माझ्यासमोर बसून मासळीचे भाव सांगत होती! कप्पाळ माझं. मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं तुम्हा दोघींना? तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आधी तो पट्टा सोड.